मोहखोऱ्याच्या जीपचे मागचे दिवे

मोहखोरा, १८ सप्टेंबर १९६३

व्याही खुशालराव सिरसाट यांस, देवमन तायडेचा जयभीम.

शकुनला अकोल्याची हवा मानवली आहे असे जावईबापू देवीदासरावांनी कळवले, ते वाचून बरे वाटले. इथे चिखलदऱ्याच्या उतारावर बरेच दिवस ऊन नाही. धुके खिडकीतून घरात शिरते आणि वाळत घातलेले लुगडे ओलेच राहते. शकुन लग्न होऊन तुमच्याकडे आली तेव्हापासून आमच्या घरात मोठ्याने बोलणारे कोणी उरले नाही. मी आणि इंदूबाई मुळात कमी बोलणारे.

मुलीच्या सासरी बापाने काम सांगू नये हे मला कळते. म्हणून हे काम समजू नका, नुसती विचारणा समजा. तुम्ही ताजनापेठेत दुकान घालून बसलात, मोटारींच्या दिव्यांची आणि पत्र्याची कामे करता, म्हणून तुम्हाला विचारतो.

मी दवाखान्याची जीप चालवतो. इथून खाली बोरढाण्याला जाणारा रस्ता एका गाडीपुरता आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. खाली पोचल्यावर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून रोगी घेतला की उलट्या गिअरवर वर यावे लागते, ते पार आंब्याच्या झाडाजवळ रुंदी मिळेपर्यंत. दिवसा जमते. अंधार पडला की आमचे शिपाई बुधाजी कंदील घेऊन मागे चालतात आणि थांबायचे असले की पत्र्यावर थाप मारतात. गेल्या आठवड्यात वाऱ्याने कंदील विझला आणि मागचे डावे चाक कडेवरून खाली गेले. गाडी पोटावर टेकली म्हणून वाचलो. आत बाळंतीण होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, देवमन, याचे काहीतरी करा.

जीपच्या मागे दिवे बसवता येतात का? कंपनीने लाल दिवा दिला आहे तो काजव्याएवढा आहे. तुम्हाला सवड असेल तेव्हा दोन ओळी लिहा. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
देवमन


अकोला, २७ सप्टेंबर १९६३

इवाईबुवांना खुशालरावाचा कडक जयभीम.

विचारणा वकिलाकडे करतात. माझ्याकडे दिवे मिळतात. तुम्ही तीन पानं लिहिलीत, त्यातलं अर्धं पान मुलीच्या सासरी काम सांगू नये यात घालवलंत. सरळ लिहायचं होतं, खुशालराव, दोन दिवे पाठवा.

तर दोन दिवे पाठवतो. आता मी सांगतो तेवढं करा. बॅटरीपासून सुतळी घ्या, ती गाडीखालच्या सांगाड्याच्या, म्हणजे चाशीच्या, कडेकडेनं, जिथून वायर जाईल तिथून, मागच्या बंपरपर्यंत न्या आणि हातभर जास्त सोडून कापा. मोजू नका, ती सुतळीच मला टपालानं पाठवा. मोजलेल्या आकड्यावर माझा भरवसा नाही, सुतळीवर आहे. दुसरं म्हणजे बॅटरी सहा व्होल्टची आहे की बारा, ते नीट बघा. लढाईच्या वेळची जीप असेल तर सहाची असेल. बारा व्होल्टचा बल्ब तिच्यावर पिवळा पडून राहील, आणि उलट झालं तर क्षणात जळेल.

मोटारसायकलच्या हेडलाइटमधल्या चकचकीत वाट्या मी भंगारवाल्याकडून आणल्या आहेत. बाहेरचं टोपण पत्र्याचं ठोकतो. काच फोटोफ्रेमवाल्याकडून गोल कापून घेतो, तिच्याभोवती जुन्या ट्यूबचं रबर. तुमच्या त्या बोरढाण्याच्या दरीत दिवस उगवल्यासारखं वाटलं नाही तर मिश्या काढून टाकीन.

आता खरी बातमी. शकुनला दिवस गेले आहेत. केशरबाईच्या हिशेबानं फाल्गुनात पाळणा हलेल. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आम्हालाही ठाऊक आहे. पण केशरबाईचं मन होत नाही. काल जेवताना ती म्हणाली, "मी कावून धाडू पोरीले त्या जंगलात? तिथं गाडी सुदिक उलटी चालते म्हन्तात." तिचं म्हणणं तुमच्या कानावर घातलं. माझं अजून ठरलेलं नाही.

सुतळी लवकर पाठवा.

तुमचा,
खुशालराव


मोहखोरा, २२ ऑक्टोबर १९६३

व्याही खुशालराव यांस जयभीम.

तुमचे पत्र वाचून दाखवले तेव्हा इंदूबाई भाकरी थापत होती. ती उठून आत गेली आणि तव्यावरची भाकरी मला उलटावी लागली. आमची दोन मुले शकुनच्या आधी गेली हे तुम्हाला सोयरीक जुळवताना सांगितले होते. त्यानंतर आमच्या घरात हसू आले ते शकुनमुळे. इंदूबाईने जुनी लुगडी काढली आहेत आणि दुपारची बसून दुपटी शिवते. मी तिला म्हटले, अजून त्यांचे ठरले नाही. ती म्हणते, दुपटी शिवायला कोणाला विचारायचे काय कारण आहे. विहीणबाईंना एवढे सांगा की आमचा दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे आणि नर्सबाई माणिकबाई हाताला फार चांगल्या आहेत.

दिवे परतवाड्याच्या मोटारीने नीट पोचले. तुम्ही चिंध्यांत असे गुंडाळले होते की बुधाजी म्हणाले, आतमध्ये अंडी आहेत काय. मी आणि ते दोघांनी रविवारी बसवले. पट्ट्या बंपरला बरोबर बसल्या, एकही भोक नव्याने पाडावे लागले नाही. वायर सुतळीबरहुकूम पुरली. बटण तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत सांगितले तसे स्टिअरिंगच्या खाली लावले.

संध्याकाळी आम्ही बोरढाण्याला उतरलो आणि अंधार पडल्यावर उलटे वर आलो. खुशालराव, मला रस्त्यातला खडा न् खडा दिसत होता. दरीची कड, गवत, एक ससा, सगळे. बुधाजी कंदील घेऊन चालण्याऐवजी माझ्या शेजारी बसून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा या रस्त्यावर विडी ओढली. डॉक्टरसाहेबांनी खाली उतरून दिवे हाताने चाचपले आणि असे काम अमरावतीलाही होत नाही म्हणाले. मला फार अभिमान वाटला. माझी लेक ज्या घरात आहे त्या घरचे हात असे आहेत.

आपला,
देवमन


अकोला, २० नोव्हेंबर १९६३

इवाईबुवा,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. मी दोन टाकली. टपालवाला धुक्यात हरवला की तुम्ही?

तुमचं गेलं पत्र मी काचेत बसवून दुकानात लावलं आहे. डॉक्टरसाहेब जिथं दिवे चाचपतात त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली आहे. गिऱ्हाईक आलं की आधी पत्र वाचायचं, मग बोलायचं, असा शिरस्ता केला आहे. महादेवराव म्हणून पातूरचे एक लाकडाचे ठेकेदार आहेत, त्यांची जीप जंगलात फिरते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि तिथंच तसल्याच दिव्यांची जोडी सांगितली. वरूडचा एक संत्र्याचा व्यापारीही विचारून गेला, त्याला ट्रकला हवेत.

केशरबाईलाही पत्र वाचून दाखवलं. ससा दिसला हे तिला फार आवडलं. ती आता जंगल म्हणते तेव्हा पूर्वीसारखं नाक मुरडत नाही. थोडा दम धरा.

दिवे कसे चालले आहेत ते लिहा. पातूरच्या जोडीत काही सुधारणा करायची असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

तुमचा,
खुशालराव


मोहखोरा, २९ नोव्हेंबर १९६३

व्याही खुशालराव यांस जयभीम.

पत्रास उशीर झाला, क्षमा असावी. दवाखान्यात काम होते. दिवे चांगले आहेत. उजेड पहिल्यासारखाच पडतो. तुमच्या कामात सुधारणा सुचवावी एवढे मला कळत नाही.

थंडी फार आहे. शकुनला जपा. इंदूबाईचा विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
देवमन


अकोला, ८ डिसेंबर १९६३

इवाईबुवा,

एवढंसं पत्र? तार केली असती तरी दोन शब्द जास्त आले असते. थंडीनं बोटं गारठली असतील असं समजतो.

पातूरची जोडी बसवून आलो. महादेवराव खूश. त्यांची गाडी रात्री-बेरात्री लाकूड बघत फिरते, आता मागचा रस्ता लख्ख. वरूडच्या ट्रकचं काम संक्रांतीनंतर धरीन.

आणि तोंड गोड करा. केशरबाई तयार झाली. काल रात्री स्वतःहून म्हणाली, "दिवे लागले ना आता त्या गाडीले? मंग जाऊ द्या पोरीले मायजवळ." तेव्हा पौष सरला की देवीदास शकुनला परतवाड्यापर्यंत घेऊन येईल, तिथून तुम्ही जीपनं न्या. माझ्या दोन पत्र्याच्या डब्यांनी विहीणबाईंच्या घरी लेक आणली असं मी सगळ्यांना सांगत सुटलो आहे. वाईट वाटून घेऊ नका, मला मोठेपणा सांगायची खोड आहे.

तुमचा,
खुशालराव


मोहखोरा, १४ डिसेंबर १९६३

खुशालराव,

हे पत्र लिहू नये म्हणून इंदूबाई दोन दिवस माझ्याशी भांडली. ती म्हणते, "पोरीच्या सासरच्या कामाले नाव ठेवतं का कोनी? चूप राहा, पोर घरी येऊ द्या आधी." मी महिनाभर चूपच होतो. पण पातूरच्या गाडीला तसलेच दिवे लागले हे वाचले आणि आता चूप राहणे होत नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला असे झाले. बोरढाण्याच्या भगवंत गवळ्यांची बायको जयवंता हिला दुपारपासून कळा सुरू झाल्या. त्यांनी माणूस वर पाठवला, गाडी पाठवा म्हणून. तो जवळची म्हणून जंगलातली पायवाट धरून निघाला, चुकला आणि निरोप आमच्यापर्यंत पोचला नाही. आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. दिवस मावळताना डॉक्टरसाहेबांना वर चिखलदऱ्याला जायचे होते. मी दवाखान्याच्या अंगणातून गाडी उलटी काढली, तुमचे दिवे लावून. मग पुढचा गिअर टाकला आणि निघालो. मागचे बटण बंद करायचे राहिले. बसल्या जागेवरून मागचा उजेड दिसत नाही, आणि अजून पुरता अंधारही नव्हता.

भगवंतराव वाट पाहून थकले. बायकोला बैलगाडीत घालून ते वर यायला निघाले होते. आंब्याच्या झाडाजवळ आल्यावर त्यांना वरच्या घाटात दोन पांढरे दिवे दिसले. पांढरे दिवे म्हणजे गाडीचे तोंड, हे इथे पोरासोरांनाही कळते. त्यांना वाटले, निरोप पोचला, जीप खाली येते आहे. एका गाडीपुरता रस्ता. समोरून मोटार येत असेल तर बैलगाडीने रुंदीच्या जागी थांबून बैल सोडायचे आणि धुरा कडेला घ्यायची, ही या घाटातली रीत आहे. त्यांनी रीतीप्रमाणे बैल सोडले आणि थांबले.

दिवे वळणावर गेले, पुन्हा दिसले, लहान झाले. त्यांना वाटले, वळणांमुळे तसे दिसते. माझी गाडी त्यांच्यापासून दूर जात होती आणि ते तिची वाट पाहत होते. मूल बैलगाडीत झाले. मूल ठणठणीत आहे. पण जयवंताला रक्तस्राव थांबेना. भगवंतराव शेवटी पळत वर आले, माणिकबाई पळत खाली गेल्या. ती वाचली, पण आठवडाभर दवाखान्यात ती डोळे उघडेल की नाही असे होते, आणि मी रोज तिच्या दारात बसून राहत होतो.

भगवंतरावांनी मला एक शब्द बोल लावला नाही. नुसते विचारले, "देवमनभाऊ, गाडी येऊन राहिली म्हनून आमी बैल सोडले. ते तं जाऊन राहिली होती. मांगून अन् पुढून सारखीच दिसे, मंग आमाले कसं समजावं?"  

त्या दिवसापासून दिव्यांवर पोते बांधले आहे आणि बुधाजी पुन्हा कंदील घेऊन चालतात. बटण विसरलो ही चूक माझी आहे. पण मी विसरलो तसा पातूरचा ड्रायव्हरही विसरेल. दिवा असा असायला नको की जो विसरता येतो. हे तुमच्या कामाला नाव ठेवणे आहे, आणि मी ते ठेवतो आहे.

आता तुम्ही शकुनला पाठवणार नाही हे मला दिसते. विहीणबाई दिव्यांवर भरवसा ठेवून हो म्हणाल्या होत्या. खोट्या भरवशावर मुलगी आणवत नाही, म्हणून लिहिले. इंदूबाईने दुपटी पेटीत ठेवून दिली आहेत. ती माझ्याशी बोलत नाही आणि तिचे चुकत नाही.

देवमन


अकोला, ३० डिसेंबर १९६३

बाबा,

मामाजी अजून तुम्हाला लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. आत्याबाईंना सांगून लिहिते आहे, चोरून नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मामाजी दुकानातून जेवायला आले होते. ताट तसंच राहिलं. त्यांनी पत्र खिशात घातलं आणि पातूरची मोटार धरली. अंधार पडायच्या आत ते दोन्ही दिवे पोत्यात घालून परत आले. त्या महादेवराव ठेकेदारांशी त्यांचं भांडण झालं म्हणतात. चांगले जळणारे दिवे कारागीर स्वतःच काढून नेतो हे त्यांना पटेना. दुकानातली ती काचेतली चौकटही मामाजींनी उतरवली. वरूडच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. तेव्हापासून दुकानाचं दार अर्धं लावून आत काहीतरी ठोकत असतात. घरात बोलणं नाही. त्यांच्या बोलण्यावाचून हे घर फार विचित्र लागतं, बाबा. मला आपल्याच घराची आठवण येते.

आत्याबाईंनी पत्र ह्यांच्याकडून वाचून घेतलं. जयवंताबाईंचं ऐकून त्यांनी पदर डोळ्याला लावला. माझ्या जाण्याबद्दल अजून चकार शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. मला यायचं आहे. आईजवळ यायचं आहे. पण तुम्ही लिहिलंत ते चुकलं असं मी म्हणणार नाही. आईला सांगा, तुमच्याशी बोल. दोन न बोलणारी घरं मला झेपत नाहीत.

पाय थोडे सुजतात, बाकी बरी आहे.

तुमची,
शकुन


अकोला, ७ जानेवारी १९६४

इवाईबुवा,

मी रागावलो होतो. अजूनही आहे. पण कशावर, ते नीट वाचा.

दिव्यात खोट निघाली याचा राग नाही. चाळीस वर्षं पत्रा ठोकतो आहे, माझ्या हातून याहून मोठ्या खोटी झाल्या आहेत. राग तुमच्या नोव्हेंबरच्या पत्राचा आहे. दिवे चांगले आहेत, उजेड पहिल्यासारखाच पडतो. एक बाई तुमच्यासमोर मरणाच्या दारात पडली होती आणि तुम्ही मला हे लिहिलंत. का? तर मी मुलाचा बाप आणि तुम्ही मुलीचा. तुमच्या त्या गोड पत्रानं मी पातूरला जाऊन दुसरी जोडी बसवून आलो. तिथं कोणी बैल सोडून थांबलं असतं तर?

सात वर्षांमागं दीक्षा घेताना आपण दोघांनी, आपापल्या गावी, केवढ्या रीतींना पाठ फिरवली. घरातले देव्हारे हलवले. आणि मुलीच्या बापानं मान खाली घालून बसायची ही एवढी रीत तेवढी उराशी धरून ठेवायची? तुमची लेक माझ्या घरात आहे म्हणून तुम्ही माझ्या कामाला वाईट म्हणायचं नाही, तर मग माझ्या कामाला वाईट म्हणणार कोण? गिऱ्हाईक म्हणत नाही, ते दुसरीकडे जातं. मुलगा म्हणत नाही, तो भितो. तुमच्यासारखा एक माणूस मला मिळाला, तर तोही नमस्कार घालत बसला.

आणि मग चौदा तारखेचं पत्र लिहिलंत. ते मी जपून ठेवलं आहे, पण भिंतीवर नाही.

आता काम. चूक अशी की दिव्याचं बटण माणसाच्या हातात दिलं. ते गिअरच्या हातात द्यायला हवं. उलट्या गिअरला दांडा डावीकडे घेऊन पुढे सारावा लागतो. त्या जागी लोखंडी पट्टीवर दारावरच्या घंटीचं बटण बसवलं आहे. दांडा तिथं गेला की बटण दाबलं जातं आणि दिवे लागतात. दांडा निघाला की विझतात. विसरायला जागाच नाही. पहिल्या खेपेला दांडा मधे उभा असतानाच बटण दाबलं जाई, म्हणून पट्टी तीनदा वाकवली. इथल्या एका मोडक्या जीपवर दांडा मागं-पुढं करून माझा खांदा आखडला आहे. तसलंच दुसरं बटण उद्या पातूरला घेऊन जाईन आणि महादेवरावांची माफी मागून दिवे परत लावीन.

राहिलं शकुनचं. मी केशरबाईला म्हटलं, तू आता नाही म्हणालीस तर मी तुला बोल लावणार नाही. तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "पोरीचं येनं मोडते हे ठावं असून ज्या बापानं खरं सांगतलं, त्याच्या घरी पोर धाडाले मले आता भेव नाही. दिव्यायचं तुमचं तुमी पाहा."

तेव्हा देवीदास येणार नाही, मी येतो. शकुनला घेऊन परतवाड्याला उतरतो. विहीणबाईंना सांगा, दुपटी बाहेर काढा. बटण मी स्वतः बसवीन. मग तुम्ही गाडी वर घाटात न्या, आणि मी भगवंतराव जिथं थांबले होते तिथं उभा राहून बघीन. त्यानंतर मला त्यांच्या घरी न्या. जयवंताबाईंसमोर मला उभं राहायचं आहे. 

तुमचा,
खुशालराव


मोहखोरा, ११ मार्च १९६४

खुशालराव,

काल सकाळी, उन्हे अंगणात आली तेव्हा, शकुन बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. माणिकबाई म्हणाल्या, इतके सरळ बाळंतपण त्यांनी या वर्षात पाहिले नाही. मी बाहेर जीप पुसत होतो. पुसलेलीच जीप पुसत होतो. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा बुधाजींनी माझ्या हातातले फडके काढून घेतले, नाहीतर रंग गेला असता.

रंग उजळ आहे, जावळ भरपूर आहे, आणि आवाज तुमच्यावर गेला आहे. आमच्या घरात पुन्हा मोठ्याने बोलणारे कोणीतरी आले. इंदूबाई तिला मांडीवरून खाली ठेवत नाही. काल ती तीन वेळा माझ्याशी आपणहून बोलली. विहीणबाईंना सांगा, बारशाला त्यांच्या हातून नाव ठेवायचे आहे, त्यांनी यावेच.

आज जयवंता येऊन गेली. तिचे लेकरू कडेवर होते. आता पुष्कळ सावरली आहे. तुम्ही जानेवारीत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात आणि मग तिच्या चुलीच्या धुराड्याचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करून दिलात, ते तिने शकुनला सगळे सांगितले.

आता कामाचे. गिअरचे बटण उत्तम चालते. तीन वेळा बोरढाण्याला उतरलो, वर आलो, एकदाही विसरण्याची वेळ आली नाही. पण डाव्या दिव्यात पाणी शिरते. परवाच्या अवकाळी पावसात आत वाटीभर साठले आणि बल्ब गेला. मी उघडून पाहिले. टोपणाच्या खालच्या सांध्याला तुम्ही कथलाची झाळ घाईने दिली आहे, मधेच बोटभर जागा सुटली आहे. रबरही एका बाजूला आखूड कापले आहे. उजवा दिवा ठीक आहे, डाव्याचे काम कच्चे आहे. बारशाला याल तेव्हा हत्यारे घेऊन या आणि ते नीट करून द्या.

एवढे लिहून मी इंदूबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "नातीच्या बातमीच्या पत्रात असं लिवतं का कोनी इवायाले?" मी म्हटले, लिहितात.

तुमचा,
देवमन